नट-बोल्टच्या पेटंटवर ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ असा आक्षेप आला, तर

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एखाद्या शेडमध्ये नवा लॉक नट तयार होतो. कंपनाने ढिला होत नाही, गिऱ्हाईक खूश असतं, पेटंटचा अर्जही जातो. मग पहिला तपासणी अहवाल हातात पडतो. सगळे त्याला एफईआरच म्हणतात. त्यात लिहिलेलं असतं, की डी१ आणि डी२ हे दस्तऐवज, म्हणजे परीक्षकाने शोधलेली आधीची पेटंटं वगैरे, एकत्र पाहिले तर क्लेम १, म्हणजे ज्यावर हक्क मागितला आहे ते अर्जातलं पहिलं कलम, या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगा आहे. नवखा माणूस इथे गांगरतो आणि घाईघाईने उत्तर देतो, ‘आमचा नट डी१ सारखा नाही.’ हे उत्तर खरं असलं तरी उपयोगाचं नाही, कारण परीक्षकाने विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

हा लेख फास्टनर, म्हणजे नट, बोल्ट, वायसर, रिव्हेट, क्लिप, पिन यांवर पहिल्यांदाच पेटंट घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. शेवटचा भाग दुसऱ्याच्या पेटंटचा त्रास होत असलेल्यांसाठी आहे.

आक्षेप नेमका कशावर आहे

पेटंट कायदा, १९७० च्या कलम २(१)(जे) प्रमाणे शोध नवा हवा, त्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप हवी आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या कलम २(१)(जेए) मध्ये आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही हवं. आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचणारी नसावी. या वाक्यातलं ‘आणि’ फार महत्त्वाचं आहे. ‘आमचा नट दोन रुपयांनी स्वस्त पडतो’ यातून आर्थिक महत्त्व दिसेल, पण दुसरी अट तशीच उरते.

नावीन्य एकाच दस्तऐवजाशी ताडून पाहतात. तुमच्या क्लेममधलं सगळं एकाच जुन्या पेटंटमध्ये सापडलं, तर नावीन्य गेलं. सहज सुचण्याच्या आक्षेपात दोन-तीन दस्तऐवज जोडता येतात. म्हणून ‘डी१ मध्ये दाते नाहीत, डी२ मध्ये खोलगट बूड नाही’ असं वेगवेगळं सांगून काही साधत नाही. परीक्षक नेमकं तेच म्हणतो आहे, की एकाचे दाते घ्या, दुसऱ्याचं बूड घ्या, झाला तुमचा नट. ते दोन्ही एकत्र आणण्याचं कारण जाणकाराला का दिसलं नसतं, हे तुम्हाला दाखवायचं असतं.

जाणकार म्हणजे कोण? एखादा अलौकिक बुद्धीचा संशोधक नव्हे, आणि काल कामाला लागलेला हेल्परही नव्हे. फास्टनरच्या बाबतीत डिझाइन विभागात काही वर्षं काढलेला, प्रमाणकं आणि कॅटलॉग ठाऊक असलेला, पण स्वतःहून वेगळी कल्पना न लढवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये रॉश विरुद्ध सिप्ला या औषधाच्या प्रकरणात पाच पायऱ्या मांडल्या, त्या नट-बोल्टलाही लागू पडतात. जाणकार कोण ते ठरवा. शोधाचा गाभा ओळखा. अग्रक्रम तारखेला, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाला त्या दिवशी, त्या क्षेत्रात सर्वसाधारण ज्ञान काय होतं ते पाहा. आधीचं आणि आताचं यांतला फरक काढा. शेवटी, तो फरक जाणकाराला सुचला असता का हे तपासा, तेही शोध पाहून झाल्यावर आलेलं शहाणपण बाजूला ठेवून.

तीन जुने निकाल, तीन नेहमीच्या चुका

भारतात या विषयावरचा पायाभूत निकाल म्हणजे विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. मिर्झापूरच्या भांडी उद्योगातलं हे प्रकरण. भांडं लेथवर धरून फिरवण्याची रचना पेटंट केली होती. न्यायालयाने ती जुन्याच पद्धतीतली किरकोळ सुधारणा, वर्कशॉपमधली सुधारणा ठरवली. कुशल कारागिराच्या आवाक्याबाहेरचं त्यात काही नव्हतं. मेकॅनिकल अर्जांवरच्या आक्षेपात आजही या निकालाचा आधार घेतला जातो. तो वाचल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नये.

दुसरा अमेरिकेतला, १८५१ चा, हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड. दाराच्या मुठी लाकडा-धातूऐवजी चिनीमातीच्या केल्या होत्या. दांडा बसवायची पद्धत जुनीच. पेटंट टिकलं नाही. एमएसचा (साध्या पोलादाचा) नट एसएसमध्ये (स्टेनलेस स्टीलमध्ये), किंवा पितळी इन्सर्ट नायलॉनमध्ये करणं याच जातीचं. साहित्य बदलल्यामुळे अनपेक्षित असं काही घडत असेल तरच पुढे जा.

तिसरा ग्रॅहम विरुद्ध जॉन डियर, १९६६. नांगराचा दांडा बिजागरीच्या पट्टीच्या वर होता तो खाली आणला, जोडणीत थोडा बदल केला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा उलटापालट कोणालाही सुचला असता. वरचं खाली, आतलं बाहेर, नटावरचं बोल्टवर नेणं या सगळ्याला हा धडा लागू होतो. परदेशी निकाल भारतीय परीक्षकावर बंधनकारक नाहीत, पण विचाराची दिशा सारखीच आहे.

अर्जाआधीचा शोध

इथे आठ-दहा दिवस घालवले तर पुढची दोन वर्षं वाचतात. शब्द टाकून शोधण्यापेक्षा वर्गीकरणाने शोधा, कारण एकाच वस्तूला कोणी ‘लॉकिंग नट’ म्हणतं, कोणी ‘प्रिव्हेलिंग टॉर्क नट’, तर कोणी नुसतं ‘थ्रेडेड मेंबर’. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जोडणीच्या वस्तू एफ१६बी मध्ये येतात. ढिलं होऊ न देण्याच्या युक्त्या एफ१६बी ३९ मध्ये: वायसरने लॉक होणारे ३९/२४, नट किंवा बोल्टच्याच आकाराने लॉक होणारे ३९/२८, बसणाऱ्या पृष्ठावर दाते-खाचा असलेले ३९/२८२. नट ३७ मध्ये, वायसर ४३ मध्ये, रिव्हेट आणि बिनआट्याच्या पिना १९ मध्ये. एस्पासनेट, पेटंटस्कोप आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास या पेटंट शोधायच्या संकेतस्थळांवर, तिन्हीकडे हाच क्रमांक टाकून पाहा. तिन्ही फुकट आहेत.

नागपूरकरांना एक सोय घराजवळ आहे. पेटंट माहिती प्रणाली हे केंद्र १९८० पासून नागपुरात आहे, आणि सिव्हिल लाइन्समधल्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत प्रशिक्षणवर्ग चालतात. अर्ज मात्र नागपुरात दाखल होत नाही. महाराष्ट्र मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. कामकाज ऑनलाइन असल्यामुळे मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

पेटंट सोडून इतर जागाही पाहा. आयएस १३६४, आयएस १३६७, स्प्रिंग वायसरसाठीचं आयएस ३०६३ ही प्रमाणकं म्हणजेही आधीचं ज्ञान. जुने कॅटलॉग, यंत्रांचे पार्ट्स मॅन्युअल, आणि हो, इतवारीतली लोहाओळी. तिथल्या एखाद्या जुन्या दुकानात तुमच्या ‘नव्या’ वायसरचा भाऊ डब्यात पडलेला असू शकतो. तो सापडला तर वाईट वाटून घेऊ नका. फोटो काढा, पावती घ्या, आणि तुमच्या वस्तूत त्यापेक्षा वेगळं काय आहे ते त्याच दिवशी वहीत लिहा. पुढे क्लेम लिहिताना ते वाक्य कामी येतं.

एक पथ्य कडक पाळा. अर्ज दाखल होईपर्यंत नमुना प्रदर्शनात मांडायचा नाही, गिऱ्हाइकाला खुलेपणाने द्यायचा नाही, व्हिडिओ टाकायचा नाही. कायद्यात काही सवलती आहेत, पण त्या अटींनी बांधलेल्या आहेत. त्यांच्या भरवशावर राहू नये.

बेरीज आणि जोड यातला फरक

फास्टनरचे बहुतेक अर्ज इथेच अडतात, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा, तुम्ही एम १२ चा फ्लँज नट घेतला. बुडाला दाते पाडले आणि वरच्या टोकाला नायलॉनची रिंग बसवली. दाते पत्र्याला धरतात, रिंग आट्यांना धरते. नट दुप्पट चांगला धरतो यात शंका नाही. पण दाते काढले तरी रिंग तिचं काम तेवढंच करते, रिंग काढली तरी दाते त्यांचं काम तेवढंच करतात. ही बेरीज झाली. कलम ३(एफ) नेमकं याच्यावर आहे: एकमेकांशी संबंध न ठेवता, ठरलेल्या रीतीने आपापलं काम करणाऱ्या ज्ञात वस्तूंची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध धरलाच जात नाही.

आता दुसरा नट घ्या. बूड सपाट नाही, आत किंचित खोलगट आहे. ३ अंशांचा उतार दिला तर बाहेरच्या कडेपासून आतल्या भोकापर्यंतच्या साधारण ६ मिमी रुंदीत सुमारे ०.३ मिमी फट पडते. फीलर गेज सरकवून ती मोजता येते. नटाच्या वरच्या कॉलरला उभ्या चिरा आहेत. पाना फिरवला की कड आधी टेकते, बोल्ट आतला भाग खाली ओढतो, नटाचा छेद किंचित कलतो आणि वरची चिरलेली कॉलर आत येऊन आट्यांना चावते. पण कलताना बुडाची कड बाहेर सरकू पाहते. ती सरकली तर कलण्याचा काही भाग वाया जातो. म्हणून दाते पाडायचे ते फक्त कडेवर. ते नटाला उलटं फिरू देत नाहीत आणि शिवाय कड बाहेर पसरू देत नाहीत, त्यामुळे कलण्याचा जोर पूर्ण कॉलरकडे जातो. इथे दाते काढले की वरची पकडही कमी होते. एका भागाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे. याला जोड म्हणायचं.

हा नट उदाहरणापुरता आहे, पण कसोटी तुमच्या प्रत्येक डिझाइनला लावा. एक भाग काढून टाका आणि उरलेल्या भागाचं काम बदलतं का ते पाहा. बदलत नसेल, तर अर्जावर पैसे घालण्याआधी डिझाइनवरच पुन्हा बसा.

तपशीलवार अर्ज लिहिताना

ही जोड अर्जात शब्दांनी लिहिलेली हवी. नंतर उत्तरात सांगू असं म्हणून चालत नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती फक्त क्लेम आखडण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा खुलाशासाठी करता येते. मूळ अर्जात नसलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही. कड बाहेर सरकण्याबद्दलचं ते वाक्य पहिल्या दिवशी लिहिलेलं नसेल, तर दोन वर्षांनी तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा हवेत राहतो.

मापं एकाच आकड्यात देऊ नका. ‘३ अंश’ एवढंच लिहिलं तर शेजारी ४ अंशांचा नट काढेल. ‘२ ते ५ अंश, शक्यतो ३’ असं लिहा, आणि खाली-वर गेल्यास काय होतं तेही लिहा: २ च्या खाली फट इतकी कमी की साध्या टॉर्कलाच (पान्याने पिळण्याच्या जोरालाच) बूड सपाट होतं आणि कॉलर पुरेशी आत येत नाही, ५ च्या वर कडेवर दाब एकवटून पत्रा खरवडला जातो. हे कारण नसेल तर परीक्षक म्हणेल की कोन ठरवणं हे जाणकाराचं रोजचं काम आहे, चार कोन करून पाहिले की सापडतो.

पार्श्वभूमीचा भाग आखूड ठेवा. ‘सर्वांना माहीतच आहे की खोलगट बूड आणि दाते दोन्ही वापरले जातात’ अशी वाक्यं लोक सहज लिहून जातात. ती तुमची कबुली ठरते आणि पुढे तुमच्याच विरुद्ध वापरली जाते. तसंच अडचण मांडताना उत्तर फोडू नका. ‘कड बाहेर सरकू नये म्हणून तिला अडवण्याची गरज होती’ असं लिहिलं की दाते पाडणं ओघानेच आलं. ‘कंपनात पकड टिकत नाही’ एवढीच अडचण लिहा. कड सरकते हे शोधून काढणं हाच तर तुमच्या कामाचा अर्धा भाग आहे.

क्लेम परिणामाचा नको, रचनेचा हवा. ‘कधीही ढिला न होणारा नट’ हा क्लेम नव्हे, ती इच्छा झाली. पहिला क्लेम रुंद ठेवा, त्याखाली पायरीपायरीने आखडत जा: दाते फक्त कडेवर, मग कोनाची मर्यादा, मग चिरांची संख्या. आक्षेप आला की मागे सरकायला या पायऱ्या लागतात.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, त्यात ३० पानं आणि १० क्लेम बसतात. पुढच्या प्रत्येक क्लेमला ३२० रुपये. तपासणीची विनंती फॉर्म १८ वर, ४,००० रुपये, २०२४ च्या नियमांनंतर अग्रक्रम तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत. लघुउद्योगाने फॉर्म २८ सोबत उद्यम नोंदणी जोडावी. तात्पुरता अर्ज केला असेल तर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावाच लागतो, आणि तात्पुरत्या अर्जात नसलेल्या भागाला त्या आधीच्या तारखेचा फायदा मिळत नाही.

चाचणी

नट ढिला होतो का हे पाहायला आडव्या कंपनाची जुंकर चाचणी मान्य आहे. जर्मन प्रमाणक डिन ६५१५१ तिचंच. तक्ता असा हवा, की वाचणाऱ्याला बेरीज की जोड हे आकड्यांत दिसावं. त्यासाठी चार संच करा: साधा नट, फक्त दाते असलेला, फक्त खोलगट बुडाचा, आणि दोन्ही असलेला. प्रत्येकाचे किमान पाच नमुने. बोल्ट एकाच लॉटचे, आट्यांवर तेल सारखंच, आणि सुरुवातीचा ताण सारखा. एम १२, ८.८ ग्रेडसाठी ३५ किलोन्यूटनच्या आसपास ठेवता येतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ताण न मोजता फक्त टॉर्क सारखा ठेवणं. कोरड्या आट्यांवर आणि तेल लावलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला ताण बराच वेगळा येतो, आणि दात्यांच्या नटात तर टॉर्कचा मोठा वाटा दात्यांच्या घर्षणातच जातो. लोडसेल लावूनच मोजा. एकदा सोडवलेले नट पुन्हा वापरू नका. एकदा चावलेले दाते दुसऱ्यांदा तसे चावत नाहीत.

कंपनाच्या प्रत्येक फेरीनंतर बोल्टमध्ये उरलेला ताण नोंदवा. फक्त दाते आणि फक्त बूड यांच्या सुधारणेची बेरीज एका बाजूला, दोन्ही एकत्र असलेल्याचा आकडा दुसऱ्या बाजूला. तो बेरजेपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर हा तक्ता मूळ अर्जातच घाला. अर्जात ज्या परिणामाचा उल्लेखच नाही, त्याची चाचणी नंतर आणून दिली तर तिचं वजन कमी पडतं.

एफईआर आल्यावर

तारखेपासून सहा महिने मिळतात. मुदत संपण्याआधी फॉर्म ४ वर फी भरून तीन महिने वाढवून घेता येतात. उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

पहिला आठवडा लिहायला बसू नका. डी१, डी२ पूर्ण वाचा, परीक्षकाने दाखवलेला परिच्छेदच नव्हे. आकृत्या मोठ्या करून पाहा. पुष्कळदा डी२ मधले ‘दाते’ बुडाला नसतातच, पाना धरावा म्हणून बाहेरच्या बाजूला केलेल्या खाचा असतात. मग चार गोष्टी क्रमाने मांडा: डी१ ची अडचण काय आणि तिचं उत्तर काय; त्यात नसलेली तुमची गोष्ट कोणती; त्या गोष्टीमुळे होणारा परिणाम कोणता; आणि डी१ हातात असलेल्या माणसाला डी२ कडे वळायचं कारण का नव्हतं.

चौथा मुद्दा सगळ्यात जड. त्याला बळ देणाऱ्या गोष्टी शोधा. डी१ स्वतःच उलट दिशेला नेतो का? उदाहरणार्थ, त्यात ‘बसणारं पृष्ठ गुळगुळीत हवं, पत्र्याचा रंग खरवडता कामा नये’ असं लिहिलेलं असेल, तर त्यावर दाते आणणं म्हणजे डी१ चा हेतूच मोडणं. ते वाक्य ओळ क्रमांकासकट उद्धृत करा. डी२ चे दाते पूर्ण बुडावर असतील, तर दोन्ही जोडूनही ‘फक्त कडेवर दाते’ मिळत नाहीत, हे आकृती शेजारी ठेवून दाखवा. जुळवणी करायला आणखी एक बदल करावा लागतो आणि तो बदल कुठेही सांगितलेला नाही, हे लिहा.

‘हा युक्तिवाद शोध पाहून सुचलेल्या शहाणपणाचा आहे’ एवढंच म्हणून थांबू नका. हे वाक्य जवळपास प्रत्येक उत्तरात असतं, म्हणून एकट्याने त्याला वजन नाही.

सुनावणी व्हिडिओवर होते. नट, वायसर आणि कापून छेद दाखवणारा नमुना टेबलावर ठेवा. छेद दिसला की अर्धं बोलणं वाचतं. त्यानंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. अर्ज फेटाळला गेला तर कलम ११७ए खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून ही अपिलं तिकडेच जातात.

दुसऱ्याचं पेटंट तुमच्या दारात आलं तर

वर्षानुवर्षं तुम्ही बनवत असलेल्या क्लिपवर कोणीतरी पेटंट घेतं आणि वकिलाची नोटीस येते. घाबरून माल बंद करू नका आणि फोनवर काही कबूलही करू नका. आधी इनपासवर पेटंटची स्थिती पाहा. नूतनीकरणाची फी थकून ते बंद पडलेलं असू शकतं. मग फक्त मंजूर क्लेम वाचा. प्रकाशित अर्जातले क्लेम बरेचदा रुंद असतात आणि मंजुरीपर्यंत आखडलेले असतात. क्लेममधला एकेक घटक कागदावर उतरवा आणि समोर तुमच्या वस्तूत तो आहे की नाही ते लिहा.

अर्ज प्रकाशित झालाय पण मंजुरी नाही, अशा वेळी कलम २५(१) खाली कोणालाही हरकत घेता येते, फॉर्म ७ए वर. मंजुरी प्रकाशित झाल्यापासून एक वर्षाच्या आत असाल तर कलम २५(२), फॉर्म ७. इथे मात्र तुमचा हितसंबंध दाखवावा लागतो, जो त्याच मालाच्या उत्पादकाला सहज दाखवता येतो. पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघतं, तारीख तिथूनच मोजा. वर्ष उलटलं असेल तर कलम ६४ खाली रद्द करण्याची मागणी, किंवा दावा झालाच तर त्यातच प्रतिदावा. प्रतिदावा केला की प्रकरण जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे जातं. नोटीस बिनबुडाची असेल तर कलम १०६ तुमच्या बाजूने आहे.

पुरावा तारखेवर टिकतो. ‘आम्ही २० वर्षांपासून बनवतो’ या वाक्याला कागद हवा. जुनी क्लिप डब्यातून काढून पुढे केली तर ती कधीची हे ती सांगत नाही. ८.८ च्या बोल्टच्या डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण असते, साल नसतं. म्हणून नमुन्यासोबत त्याच पार्ट नंबरचं बिल, रिव्हिजनची तारीख असलेलं ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकाची खरेदी ऑर्डर, हे तिन्ही एकमेकांशी जुळणारे लावा. बिलावर नुसतं ‘क्लिप, ५०० नग’ असेल तर ते ड्रॉइंगला बांधणारा पार्ट नंबर डिलिव्हरी चलानवर किंवा तपासणी रजिस्टरमध्ये मिळतो का ते पाहा. आणि गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातल्या जुन्या माणसाचं शपथपत्र तो निवृत्त होण्याआधी घ्या.